कोलिन्स्की सेबल, गोल, ८ नंबर: सहा वर्षांच्या वापरानंतर

जलरंगाचा हा ब्रश मी निवडला नाही, सरांनी निवडला. सरांचं घर चित्रांवर चालतं. मी रविवारचा चित्रकार. ते माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहेत, तरी मी त्यांना सर म्हणतो आणि ते मला काका.

ओळख झाली तेव्हा माझ्याकडे बारा सिंथेटिक ब्रश होते. झाडाची पानं मी २ नंबरच्या बारीक ब्रशने एकेक करून काढायचो. सरांनी ते पाहिलं, बोलले काहीच नाहीत. निघताना स्वतःचा जुना ब्रश माझ्या हातात ठेवला. ‘‘महिनाभर फक्त हा. बाकीचे कपाटात.’’

पहिले पंधरा दिवस नुसता चिखल. पण मग कळायला लागलं. नाव सेबल या प्राण्याचं असलं तरी केस सायबेरियन विझलच्या, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका छोट्या प्राण्याच्या शेपटीचे असतात. प्रत्येक केस मधे जाडसर, टोकाशी निमुळता. त्यामुळे ब्रशच्या पोटात भरपूर पाणी राहतं आणि टोक तरीही सुईसारखं. दाबला की जाड फटकारा, उचलला की बारीक रेघ. फांदीचा बुंध्यापासून शेंड्यापर्यंतचा निमुळतेपणा एका हातात येतो. माझ्या सिंथेटिकमधलं पाणी पहिल्याच स्पर्शाला भसकन कागदावर उतरायचं. हा बेतानं सोडतो, म्हणून आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, मधेच वाळून डाग पडत नाही.

सरांचा तो ब्रश विन्सर अँड न्यूटनच्या सिरीज ७ मधला. १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी या कंपनीने खास ब्रश बनवले, राणीचा आवडता आकार ७, तेच नाव मालिकेला मिळालं, ही गोष्ट सरांनी मला निदान दहा वेळा ऐकवली असेल. माझा दुसऱ्या कंपनीचा आहे. घेताना सरांनी दुकानदाराकडे पेलाभर पाणी मागितलं. नव्या ब्रशचे केस खळीने चिकटवलेले असतात, त्यामुळे कोरडा कुठलाही ब्रश टोकदारच दिसतो. खळ धुऊन, मनगटाचा एक झटका देऊन टोक जुळतं का पाहायचं. पाच बाद झाले, सहावा घेतला. मी मात्र ओशाळून दुसरीकडे बघत होतो.

आता तक्रारी, ज्या बहुतेक माझ्याच कर्माच्या आहेत. एकदा रात्रभर पाण्याच्या भांड्यात उभा राहिला: टोक वाकडं, दांडीचा रंग फुगून सोललेला. ‘‘काका, ब्रश आहे तो, खराटा नाही.’’ साबणाने धुऊन, बोटांनी टोक वळवून, आडवा वाळवून तो बराचसा ताळ्यावर आणला सरांनीच. आजही घरी आले की चित्राआधी ते पाण्याचं भांडं बघतात. (गेल्या महिन्यात त्यांच्याच भांड्यात एक उभा सापडला. मी तो काढून आडवा ठेवला, अवाक्षर न काढता.)

चार वर्षांनी टोक बोथट झालं, कागद जास्त खरखरीत असला तर लवकर होईल. आता तो अल्ट्रामरिन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) कालवून राखाडी करायला आणि पानांच्या झुबक्यांना वापरतो. वाळलेला रंग घासून काढायला हा वापरू नका, त्याला जुना सिंथेटिकच बरा. ॲक्रिलिकला तर अजिबात नको, रंग मुळाशी वाळला की केस फाकतात. आणि डब्यात बंद करताना पूर्ण वाळलेला असू द्या, नाहीतर बुरशी धरते.

एकच घ्यायचा असेल तर ८ किंवा १०. लहान नंबर मोहात पाडतात. माझे बारा अजून कपाटात आहेत.