वर्षभराच्या निसर्ग छायाचित्रांची निवड आणि 'लाइटरूम क्लासिक'

डिसेंबर संपत आला की वर्षभरात काढलेल्या निसर्गाच्या छायाचित्रांतून आवडती दहा-बारा बाजूला काढायची, ही प्रथा हौशी छायाचित्रकारांमध्ये आता चांगलीच रुळली आहे. कुणी त्यांची दिनदर्शिका छापून घेतो, कुणी ती स्पर्धेसाठी राखून ठेवतो, तर कुणाला आपण वर्षभरात नेमके काय पाहिले हे एकदा स्वतःलाच तपासून घ्यायचे असते. 'अ‍ॅडोबी'च्या 'लाइटरूम क्लासिक' या सॉफ्टवेअरविषयी जे काही लिहिले जाते, ते बहुतेक प्रकाश, सावल्या आणि रंग सुधारण्याच्या साधनांविषयी असते. मला मात्र त्याचा 'लायब्ररी' हा छायाचित्रे लावण्या-निवडण्याचा, काहीसा दुर्लक्षित विभाग अधिक मोलाचा वाटतो, आणि हे परीक्षण निवडीच्या त्या एका कामापुरतेच आहे.

ही निवड अवघड का होते, हे सह्याद्रीत कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढून गेल्यावर कोकणकड्यावरून टिपलेले दृश्य आपल्याला आवडते, त्यात त्या चढाईचा मोठा वाटा असतो. माळशेज घाटात रस्त्याच्या कडेला उभे राहून काढलेले, कदाचित अधिक चांगले छायाचित्र मात्र सहज मिळाले म्हणून मागे पडते. पाहणाऱ्याला आपले श्रम दिसत नाहीत, त्याला फक्त चौकट दिसते. म्हणून निवडीच्या साधनाकडून माझी पहिली अपेक्षा अशी असते, की त्याने छायाचित्रे भटकंतीच्या क्रमातून सोडवून माझ्यासमोर मांडावीत.

या कसोटीवर 'लाइटरूम' पुरेपूर उतरते. जाळीच्या मांडणीत वरच्या बाजूला गाळणीची जी पट्टी उघडते, तिच्यातल्या 'मेटाडेटा' या भागात कॅमेरा, लेन्स, नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) आणि तारीख असे निकष लावता येतात. संपूर्ण वर्ष निवडून केवळ रुंद कोनाच्या लेन्सची छायाचित्रे समोर आणली, की कासच्या पठारावरची सप्टेंबरमधली फुले, भंडारदऱ्याचे पाणी आणि राजगडाची संजीवनी माची एकमेकांच्या शेजारी येतात, आणि कुठले दृश्य स्वतःच्या बळावर उभे आहे हे चटकन कळते. प्रत्येक निकषापुढे छायाचित्रांची संख्याही दिसते. आपण कोणत्या लेन्सच्या आहारी गेलो आहोत, हे त्या आकड्यांतून इतके स्वच्छ दिसते, की पुढच्या वर्षी कॅमेऱ्याच्या पिशवीत काय ठेवायचे याचाही विचार सुरू होतो.

पहिल्या फेरीसाठी तारे देण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे ठाम मत आहे. एक ते पाच ताऱ्यांची सोय आहे खरी, पण तीन द्यावेत की चार, या विचारात मन अडकते आणि पाहणे बाजूला राहते. त्याऐवजी ध्वजखूण वापरावी: 'पी' दाबले की छायाचित्र निवडले जाते, 'एक्स' दाबले की नाकारले जाते आणि 'यू' दाबले की खूण निघून जाते. 'कॅप्स लॉक' सुरू ठेवले, तर खूण करताच पुढचे छायाचित्र आपोआप समोर येते, त्यामुळे हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही. 'एल' ही कळ दोनदा दाबली की छायाचित्राभोवतीचा सगळा पडदा काळा होतो. धुक्याच्या किंवा संधिप्रकाशाच्या छायाचित्रांतले फिकट रंग पारखताना ही साधी सोय फार उपयोगी पडते.

या सॉफ्टवेअरचे खरे बलस्थान मात्र 'सर्व्हे' ही मांडणी आहे. एकाच जागी, एकाच प्रकाशात काढलेली सात-आठ छायाचित्रे निवडून 'एन' दाबले, की ती सगळी एकत्र पडद्यावर येतात. कोकणकड्याचेच उदाहरण घेऊ. पावसाळा ओसरताना दुपारी कोकणातून ढग वर चढू लागतात आणि कड्याच्या अंतर्वक्र भिंतीला येऊन भिडतात. अशा वेळी एकामागून एक घेतलेल्या छायाचित्रांत कडा तोच, आकाश तेच, बदलते ती फक्त ढगाची जागा. एकात ढग कड्यापासून दूर असल्यामुळे खोलीचा अंदाज येतो, दुसऱ्यात तो कड्याच्या ओठाला टेकलेला असतो, तिसऱ्यात त्याने अर्धी भिंत गिळलेली असते. एकेक करून पाहिले तर तिन्ही चांगलीच वाटतात, पण शेजारी-शेजारी ठेवल्यावर असे दिसते, की जिथे ढग आणि दगड यांच्यामध्ये बोटभर अंधारी फट उरली आहे, तिथेच कड्याचा बाक डोळ्यांत भरतो. नको असलेल्या छायाचित्रावर जाऊन तिरक्या रेषेची ('/') कळ दाबली, की ते त्या मांडणीतून बाहेर पडते (पुसले जात नाही) आणि उरलेली आकाराने मोठी होतात. शेवटी एकच उरेपर्यंत हे करीत राहावे. नाकारण्याची ही पद्धत मला निवडण्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते, कारण प्रत्येक वेळी कारण द्यावे लागते.

फुलांच्या जवळून घेतलेल्या छायाचित्रांसाठी 'सी' दाबून मिळणारी 'कम्पेअर' मांडणी अधिक योग्य आहे. कासवरचा गेंद बारीक दांड्यावर पांढरा चेंडू धरून उभा असतो आणि वाऱ्याच्या हलक्या झुळुकेनेही डोलतो. अशी दोन छायाचित्रे समोरासमोर ठेवून दोन्ही एकाच वेळी पूर्ण मोठी करता येतात, त्यामुळे कुठल्या फुलाची कडा रेखीव आहे आणि कुठल्याची पुसट, याचा निकाल लगेच लागतो. निवडलेली छायाचित्रे 'कलेक्शन'मध्ये टाकल्याने मूळ फाइलची दुसरी प्रत तयार होत नाही, म्हणून प्राथमिक यादी, दिनदर्शिका आणि स्पर्धा असे वेगवेगळे संच निर्धास्तपणे करावेत.

मर्यादाही आहेत. छायाचित्रे पाहण्याआधी सॉफ्टवेअर त्यांच्या पूर्वप्रतिमा (प्रीव्ह्यू) तयार करते; त्या पूर्ण आकाराच्या हव्या असतील तर वेळ आणि डिस्कवरची जागा दोन्ही बऱ्यापैकी लागतात, म्हणून हे काम रात्री लावून ठेवणे बरे. फक्त वेगच हवा असेल, तर कॅमेऱ्याने फाइलमध्ये आधीच ठेवलेली जेपेग प्रतिमा दाखवणारे 'फोटो मेकॅनिक' सरस आहे. ज्यांनी दरवर्षी वेगळा कॅटलॉग, म्हणजे छायाचित्रांच्या नोंदी ठेवणारी फाइल, करण्याची पद्धत ठेवली आहे, त्यांना अनेक कॅटलॉगमध्ये एकत्र शोध घेता येत नाही. मी सगळ्या वर्षांसाठी एकच कॅटलॉग ठेवण्याचा आग्रह धरीन.

राहिला प्रश्न पैशांचा. हे सॉफ्टवेअर एकदाच विकत घेता येत नाही, वर्गणी भरावी लागते, आणि वर्षातून चार वेळा कॅमेरा बाहेर काढणाऱ्याला ती जड वाटणे स्वाभाविक आहे. वर्गणी थांबवल्यावर 'डेव्हलप' (छायाचित्रे सुधारण्याचा) आणि 'मॅप' (ती नकाशावर पाहण्याचा) हे विभाग बंद होतात, पण 'लायब्ररी' सुरूच राहते, म्हणजे जुन्या खुणा, संच आणि निवडीची कामे हातची जात नाहीत. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना वर्गणीच नको, त्यांनी विनामूल्य 'डार्कटेबल' वापरून पाहावे. त्यातही छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवून गाळण्याची स्वतंत्र मांडणी आहे, मात्र ते हाताखाली यायला वेळ लागतो, त्यामुळे डिसेंबरची वाट न पाहता दिवाळीच्या सुटीतच त्याची ओळख करून घ्यावी.