कोल्हापूर-मुंबई : विमान परवडतंय का महालक्ष्मी एक्सप्रेसच बरी?

नकाशावर सरळ रेघ मारली तर कोल्हापूर ते मुंबई अंतर साधारण 310 किमी भरतंय, रस्त्यानं 375-380 आणि रेल्वेनं तर 500 च्या वर, कारण गाडी आधी मिरजेला जाते, मग सांगली, सातारा, पुणे करत घाट उतरते. विमान हवेत तासाभराचं. ऐकायला लई भारी, पण उजळाईवाडीच्या विमानतळावर दीड-दोन तास आधी पोचा, चेकिंग करा, उतरल्यावर बॅगेची वाट बघा आणि मग मुंबईचं ट्रॅफिक, म्हणजे घर ते घर चार-पाच तास धरूनच चालायचं. तरी दिवसा काम असंल आणि कंपनी तिकीट काढत असंल तर विमानच घ्या की.

महालक्ष्मी एक्सप्रेसला साडेदहा-अकरा तास लागतात खरं, पण रात्री जेवून बसायचं, झोपायचं, सकाळी दादरला उतरायचं. दिवस वाया जात नाही, हॉटेलचा खर्च वाचतो, वर चटणी-गुळाचं ओझं कुणी वजनकाट्यावर ठेवत नाही. स्वतःच्या पैशानं जायचं तर आपलं मत गाडीलाच, फक्त सुट्टीत रिझर्वेशन लवकर टाका, नायतर वेटिंगच.