हॅवलॉकच्या रिसॉर्टवर एकटीनं चार रात्री

मी बेळगावची, टिळकवाडीत राहते, वय 47, लग्न केलेलं नाही. कुणीतरी बरोबर येईल म्हणून दरवर्षी थांबायचे आणि वर्ष तसंच जायचं, ह्या डिसेंबरात मात्र रजा टाकली आणि अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, चार रात्री राहून आले. आई म्हणाली, "एकटीच जाऊलालीस? संगट कोणतरी असूदे की गे." एकटं कसं जायचं म्हणून अडून बसलेले आपल्याकडं खूप जण आहेत, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं. पॅकेजचा जो रेट छापलेला असतो तो ट्विन शेअरिंगचा असतो, म्हणजे एका रूममध्ये दोघं धरून माणशी. इथल्या एका ट्रॅव्हल्सवाल्यानं मला 24 हजार सांगितले, ॲडव्हान्स घेतला आणि आठ दिवसांनी फोन, मॅडम तुम्ही सिंगल आहात तर 41 होतील. रूम अख्खी मलाच मिळणार तर भाडं जास्त लागणार हे कळतं मला, पण नाश्ता मी एकटीच खाणार, फेरीबोटीत सीट एकच घेणार, त्याचे दोघांचे पैसे कशासाठी? फार राग आला. ॲडव्हान्स परत मिळायला तीन आठवडे गेले. मग रिसॉर्टलाच थेट फोन लावला, त्यांनी सिंगलचा वेगळा रेट काढून दिला, जेवण एकाचंच धरून, आणि मेलवर लिहूनही पाठवला. तिथंच निम्मी काळजी मिटली.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळूर, तिथून थेट विमान, मग पोर्ट ब्लेअरहून फेरी, दोन-अडीच तास. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालंय पण तिथं अजून सगळे जुनंच नाव घेतात.

रिसॉर्ट बीच नंबर 3 च्या बाजूला, नारळाच्या बागेत लाकडी खोल्या. रूम स्वच्छ, कडी मजबूत, बाहेर रात्रभर लाइट, मला एवढं पुरे होतं. पण खरं सांगायचं ते जेवणाच्या टेबलाचं. पहिल्या रात्री मला कोपऱ्यात मेणबत्तीवालं दोघांचं टेबल दिलं, समोर रिकामी खुर्ची, आजूबाजूला सगळी हनिमूनची जोडपी, घास उतरेना. सकाळी मॅनेजरला मोकळेपणानं सांगितलं. त्यांनी त्याच संध्याकाळी किचनजवळचं लांब टेबल मांडलं आणि एकट्या आलेल्या सगळ्यांना विचारून तिथं बसवलं, ज्याला नको त्याला आग्रह नाही. कोचीनची एक नर्स, नागपूरचे रिटायर्ड मास्तर, डायव्हिंग शिकायला आलेला एक पोरगा आणि मी. मी नेलेला कुंदा, आमच्या बेळगावची मिठाई, तिथंच संपला. इतकी साधी गोष्ट आहे, पण मला तिथं पाहुण्यासारखं वाटलं ते त्या टेबलामुळं.

एक लक्षात ठेवा, ह्या पूर्वेच्या बाजूला ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि खडक नि प्रवाळ उघडे पडतात, तेव्हा पोहता येत नाही. उगवता सूर्य मात्र खोलीच्या पायरीवरून दिसतो. पोहायला पश्चिमेचा राधानगर बीच, तिथं गाडी करायची तर भाडं अख्ख्या गाडीचं, एकट्याला परवडत नाही. रिसॉर्टनं शेअरिंगची सोय करायला पाहिजे होती, ती केली नाही, हा माझा मोठा आक्षेप. मी स्कूटी भाड्यानं घेतली. घड्याळ आपलंच पण बेट बेळगावपेक्षा 18 अंश पूर्वेला, त्यामुळं अंधार सव्वा तास आधी पडतो, डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि येताना रस्त्यावर मिट्ट काळोख. पहिल्या दिवशी मी घाबरले होते, दुसऱ्या दिवसापासून साडेचारलाच निघायचे.

स्कूबा केलं, पोहता येत नसलं तरी चालतं, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून असतो. त्यानंतर 24 तास विमानात बसायचं नाही असं त्यांनी बजावलं, म्हणून ते शेवटच्या दिवसावर ठेवू नका. समुद्र खवळला तर फेरी रद्द होते, त्यासाठीही परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा.

मी ती तिथं काढली आणि सेल्युलर जेल बघितला. 1906 ला बांधून पूर्ण झालेला, जवळजवळ सातशे कोठड्या, प्रत्येकीत एकच कैदी, दुसऱ्याचं तोंडही दिसू नये अशी रचना. सावरकरांच्या कोठडीशी बराच वेळ उभी राहिले. 1950 ला त्यांना आमच्या हिंडलग्याच्या जेलातही ठेवलं होतं, लहानपणापासून ऐकलेलं ते तिथं एकदम आठवलं, डोळे भरून आले.

बाकी जेवणात मासे सुंदर, बंगाली हाताचे, शाकाहारीत तेच तेच पनीर. गरम पाणी सकाळी सातनंतरच. वायफाय रिसेप्शनपुरतं.

पुढच्या वर्षी अंदमानातल्याच नील बेटावर जायचं ठरवलंय, तिथल्या तीन रिसॉर्टना फोन करून झाले. तिघांनाही पहिला प्रश्न एकच विचारला, सिंगलचा रेट किती आणि तो लिहून देणार का. दोघांनी दिलाय.