लाईट बिलावर ग्रीन टॅरिफ: घ्यावं का? (आमचा अनुभव)

सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं की ते ग्रीन टॅरिफ काय आहे, घ्यावं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आम्ही मुंबईच्या उपनगरात राहतो, घरच्या मीटरला घेतलंय आणि भांडून भांडून सोसायटीच्या कॉमन मीटरलाही घ्यायला लावलंय.

मार्च २०२१ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने मान्यता दिली की ज्याला पूर्ण वीज सोलर, विंड, हायड्रो अशीच हवी त्याने युनिटमागे ६६ पैसे जास्त द्यायचे आणि कंपनीने तसं सर्टिफिकेट द्यायचं. दर बदलत असतात, घ्यायच्या आधी चालू दर बघा, आम्ही घेतलं तेव्हा ६६ होता. म्हणजे २५० युनिट पडले तर १६५ रुपये, एक पिझ्झा पण येत नाही त्यात. वायर तीच, मीटर तोच, घरात काही खोदकाम नाही. आणि हो, तुमच्या सॉकेटमधून वेगळी हिरवी वीज येत नाही, ग्रीडमध्ये सगळं एकत्रच असतं, फरक फक्त हिशोबात. आमच्या वरच्या काकांनी मीटिंगमध्ये विचारलं, "रात्री बारा वाजता सोलर कुठून आणणार रे?" प्रश्न एकदम करेक्ट आहे, पण हिशोब एकूण युनिटचा जुळवतात, तासातासाचा नाही.

सर्व्हिस ठीकठाक. अर्ज ऑनलाईन पटकन झाला पण कॉल सेंटरवरच्या मुलीला स्कीमच माहीत नव्हती, ती मला गच्चीवर पॅनल बसवायचे आहेत का हेच विचारत बसली, पहिल्या बिलात ग्रीनची ओळ आलीच नाही, पुढच्या बिलात आली, आणि सर्टिफिकेट मेल करून मागून घ्यावं लागलं. पैसे मात्र बरोबर लावतात त्यात चूक होत नाही :)

कॉमन मीटरचं सांगतो. लिफ्ट, पंप, जिना, पार्किंग धरून महिन्याला साधारण १५०० युनिट, म्हणजे ९९० रुपये, फ्लॅटमागे वीसेक रुपये पडतात. यावर एजीएमला पाऊण तास गेला, आणि त्याच मीटिंगमध्ये गेट रंगवायचा लाखाचा खर्च दोन मिनिटांत पास! आमच्या खजिनदारांचं म्हणणं होतं की त्यापेक्षा गच्चीवर सोलर लावा, केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० सबसिडी आहे. त्यांचं शंभर टक्के बरोबर, ज्यांची गच्ची मोकळी आहे त्यांनी आधी तेच करावं, बिलच कमी होतं. आमच्या गच्चीवर टाक्या आहेत, मोबाईल टॉवर आहे आणि दुपारनंतर शेजारच्या टॉवरची सावली.

आता माझी खरी कुरकुर. हे प्रॉडक्ट एकट्याने घ्यायचं आहे. तुम्ही घेतलं, मी घेतलं, शेजाऱ्याने नाही घेतलं, तर आपल्या हातात भाव करायची काही ताकद येत नाही. आणि या बिलातून आपल्या शहराला काय मिळतं? घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क लागतं ते राज्य सरकारला जातं, पालिकेला नाही.

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात डेव्हिसला असतो, त्याच्याकडे उलटा प्रकार आहे. डेव्हिस, वुडलँड आणि योलो काउंटीने मिळून व्हॅली क्लीन एनर्जी नावाची सरकारी संस्था काढली, २०१८ पासून गावासाठी वीज तीच खरेदी करते. खांब, तारा आणि बिल पीजी अँड ई या जुन्या कंपनीकडेच. सगळे आपोआप त्यात येतात, नको असेल त्याने बाहेर पडायचं. होलसेलमध्ये खरेदी, मस्त वाटतं ना? पण फुकट काही नाही, जुन्या कंपनीचे आधीचे करार असतात त्याचा आकार तिला सोडून नव्या संस्थेकडे गेलेल्या ग्राहकांना भरावा लागतो. शिवाय अशा संस्था बुडू शकतात, तिकडेच रिव्हरसाइड काउंटीतली वेस्टर्न कम्युनिटी एनर्जी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली, आदल्या ऑगस्टच्या उष्णतेच्या लाटेत वीज महाग घ्यावी लागली हे एक मोठं कारण. तिथे संस्थेचं कर्ज हे शहराचं कर्ज नाही असं आधीच करारात घालून ठेवतात, मला सगळ्यात आवडलेलं फीचर हेच.

कारण आपल्याकडे काय झालं बघा. मुंबईत तर पालिकेची स्वतःची वीज कंपनी आहे, बेस्ट, १९४७ पासून. लाईट फक्त शहरात, बस मात्र उपनगरातही. बरीच वर्षं बसचा तोटा लाईट बिलातून भरून काढला, म्हणजे दादरच्या माणसाने पंखा लावला की बोरिवलीच्या बसला हातभार! आम्हा उपनगरवाल्यांची चंगळ होती, पण हे बरोबर नव्हतंच. आता ते बंद आहे आणि बेस्टला पालिका पैसे देते, २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटींच्या बजेटमध्ये १,००० कोटी. बस पालिकेनेच चालवावी, त्याला माझा विरोध नाही, पण ते बजेटमध्ये उघड दिसू दे, लाईट बिलात लपवून नको.

तर बेस्टने ग्रीन वीज अख्ख्या शहरासाठी एकगठ्ठा घेतली आणि त्याचं खातं वेगळं ठेवलं तर मी ६६ काय एक रुपया पण जास्त देईन (मी बेस्टचा ग्राहक नाही हे माहितीये मला, सासरे आहेत, त्यांना विचारलं नाही अजून). मुंबईला स्वच्छ वीज नवीन नाही, खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, गिरण्या त्याच्यावर चालायच्या.

सध्याच्या स्कीमला पाचपैकी तीन. घरी घ्यायचं असेल तर हिवाळ्यात सुरू करा, एसी बंद असतो तेव्हा आकडा बघून पोटात गोळा येत नाही. कॉमन मीटरसाठी आमच्याकडे कमिटीचा ठराव मागितला होता, सेक्रेटरीच्या सहीसकट स्कॅन करून ठेवा, आणि पुढची दोन बिलं स्वतः उघडून बघा.