गच्चीवरच्या हिरवाईसाठी कापडी ग्रो बॅग

शहरात जमीन नसेल तर तापलेल्या गच्चीला झाडांचाच आधार, आणि त्यासाठी जाड जिओफॅब्रिकची (हवा-पाणी झिरपू देणाऱ्या कृत्रिम कापडाची) बॅग प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा नक्कीच सरस. बॅगेत कडेला पोचलेल्या मुळांची टोकं हवेने सुकतात आणि मागून नवी तंतुमुळं फुटतात. कुंडीत तीच मुळं गोल गोल गुंडाळत जातात. मात्र कापडातून पाणी झपाट्याने उडतं. म्हणून मातीच्या मिश्रणात एक तृतीयांश कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वर दोन इंच पालापाचोळा हवाच. १२ इंच व्यास आणि तेवढ्याच उंचीची बॅग साधारण २२ लिटरची. ओली झाल्यावर २० किलोंच्या आसपास भरते, म्हणून ओळीने ठेवायच्या तर बीमजवळ ठेवा. खाली विटा द्या, नाहीतर स्लॅब ओल धरतो. बाहेरून पांढरे क्षार दिसले की भरपूर पाणी सोडा. भरलेली बॅग हँडलला धरून ओढू नका, शिवण उसवते.