वेपन्सचा क्लास : काठी, तलवार आणि माझी सुजलेली बोटं

कोथरूडला एका हॉलमध्ये रविवारी सकाळी आयकिडो या जपानी मार्शल आर्टचा फक्त वेपन्सचा क्लास असतो, चार महिने झाले जातोय. आधी रडगाणं उरकतो. छत खाली आहे, त्यामुळे जो म्हणजे ती साधारण १२८ सेंटीमीटरची काठी वर फिरवली की अर्धं लक्ष पंख्याकडे. क्लासचे बोकन म्हणजे लाकडी तलवारी जुन्या, माझ्या वाट्याला टवका उडालेलाच येतो. पार्किंगचं तर विचारूच नका.

पण शिकवतात भारी. जपानातल्या इवामात साइतो सेन्सेईंनी (सेन्सेई म्हणजे गुरुजी) बसवलेल्या ७ केन सुबुरी, म्हणजे तलवारीचे सरावाचे वार, आधी एकट्याने हवेत, मला वाटलं जमलं की. मग पहिली कुमिताची, म्हणजे दोघांनी करायचा तलवारीचा ठरलेला सराव, लावली, समोर साठीच्या एक काकू, आणि बोटं सुजली, कारण तलवार खाली यायला लागल्यावर मी हलायचो. म्हणून पुढच्या रविवारी घाईने निघालो तर काकू जागच्या जागी उभ्या, "अहो, मी अजून उचललीच नाही, तुम्ही कुठे निघालात?"

इथेच खरी गोम आहे. कुमिताची पाठ झाली की पुढचा वार कुठे येणार ते माहीतच असतं, मग आपण टायमिंग करत नाही, नुसता नाच बसवतो. सर ते मोडतात, मारणाऱ्याला मध्येच कुठेही थांबायला सांगतात, आणि आधीच सुटलेला लगेच उघडा पडतो. शाळेत खो-खो खेळलेल्यांना पटेल, चेझरने एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत त्याला मागे वळता येत नाही, म्हणून पळणारा त्याचा खांदा फिरेपर्यंत दम धरतो. इथेही तेच, लवकर हललात तर समोरचा तलवार तुमच्या मागे वळवतो, उशिरा हललात तर बोटं आहेतच. त्याचा वार झाल्यावर आपण केलं तर गो नो सेन, वार सुटतानाच आत शिरलो तर सेन नो सेन, एवढं समजलं, जमलं मात्र दोनदाच. आणि पुढाकार म्हणजे आधी मारणं नाही हे तर मला आत्ता कळतंय, सर मुद्दाम तलवारीचं टोक जरासं बाजूला नेतात, डोकं मोकळं दिसतं, आपण हावरटासारखे तिथेच मारतो आणि ते तिथे नसतात.

अगदी नवीन असाल तर आधी महिना-दोन महिने साधा क्लास करा, पडायला तरी शिकाल. बोकन स्वतःचा न्या. चार स्टार, पाचवा पंख्याने खाल्ला.