खिशात मावणारा जाहीरनामा : मजूर पक्षाचे १९९७चे वचन-कार्ड

१९७९पासून विरोधी बाकांवर असलेल्या ब्रिटनच्या मजूर पक्षाने १९९७च्या निवडणुकीत मतदारांच्या हाती दिलेले पाच वचनांचे छोटे कार्ड मला धोरण-संवादाचा उत्तम नमुना वाटते. पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गाची पटसंख्या ३०पर्यंत आणू, एवढेच सांगून ते थांबत नाही, तर खासगी शाळांतील जागांवरचा सरकारी खर्च थांबवून त्यासाठी पैसा उभारू, हेही तिथेच नोंदवते; पंचविशीच्या आतील २,५०,००० बेरोजगारांना काम देण्यासाठीही खासगीकरण झालेल्या वीज-पाणी कंपन्यांवरील कराचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडच्या जाडजूड जाहीरनाम्यांत आश्वासन आणि तरतूद यांची अशी सांगड क्वचितच दिसते. युरोपविषयीच्या धोरणाला मात्र यात जागा नाही, ही उणीव खटकते. कार्ड जपून ठेवा आणि आम्ही शब्द पाळतो का ते पाहा, ही मतदारांना केलेली विनंती मला सर्वाधिक भावली.